ठासणीची बंदूक आणि कलम ५

दौलताबादची मेंढा तोफ बघून आलो आणि डोक्यात किडा शिरला... घरच्या लेथवर ठासणीची बंदूक करायची! दारू-गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची, तोड्याने बत्ती द्यायची, एवढंच तर.

बाबा म्हणाले, "आधी कायदा वाच."

वाचला. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ : परवान्याशिवाय बनवणं गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. सुटे भागही कायद्याच्या लेखी बंदूकच.

अमेरिकेत लोक हौसेने गॅरेजमध्ये लाँगरायफल घडवतात, हेवा वाटतो. तरी मला आपला कायदा पटतो. नळी फुटली तर पहिला हात घडवणाऱ्याचाच जातो. मला हवंय ते कसब, आणि ते दिवसभर कोड लिहून येत नाही.

सध्या सागाची, भोक नसलेली बंदूक तासतोय. दस्ता चौथ्यांदा वाकडा झालाय.