दुसरी पिढी

मराठी माणसाला संस्थापक आवडतो. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणारे, औंध संस्थानातल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणारे, लोखंडी नांगर घडवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याला तोंडपाठ असतात. त्यांचे चिरंजीव शंतनुराव मात्र आपण एका वाक्यात उरकतो. मोठ्या घरातले, सगळे आयते मिळाले, त्यात काय विशेष!

१९०३ साली सोलापुरात जन्मलेले शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून अभियंता होऊन परतले, ते वाडीच्या कारखान्यात. नांगर शेतकऱ्यापर्यंत पोहोचला होता. पण विहिरीवर अजून बैल मोट ओढत होते. पुढे १९४१ साली हरिहरला यंत्रे बनवणारी कंपनी निघाली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, आणि मोटेची जागा हळूहळू डिझेल इंजिनाने घेतली. मधल्या काळात, १९४८ साली, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत वाडीचा कारखाना पेटवला गेला. तो पुन्हा उभारावा लागला. वडिलांनी एका माळावर केले ते मुलाला अनेक शहरांत, परवान्यांसाठी दिल्लीचे उंबरठे झिजवत करायचे होते. त्या परवानाराजवर ते जाहीर टीका करीत. १९६५ साली त्याच सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. खासगी उद्योगावरचा त्यांचा भरवसा आम्हाला पुरता पटतो असे नाही. पण वारसा सांभाळणे म्हणजे नुसते गल्ल्यावर बसणे, हा आपला समज त्यांच्यापुढे टिकत नाही.

याच घराने मराठी नियतकालिकांनाही घडवले, हे आम्ही संपादक मंडळी सोयीने विसरतो. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढले, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर'. नांगर आणि मासिके एकाच वाडीतून बाहेर पडत होती. आजही कारखानदाराच्या पानभर जाहिरातीवाचून दिवाळी अंक निघत नाही (हाही नाही), आणि आतल्या कथेत मात्र कारखानदार हटकून खलनायक! लक्ष्मीपूजन घरी, अंकात तिची नालस्ती.

म्हणून यंदा उद्योगघराण्यांतल्या वारसदारांवर स्वतंत्र विभाग केला आहे. गौरवलेख नकोत, असे लेखकांना बजावले होते. तरी काही आलेच. ते साभार परत केले. कामगार चळवळीत हयात घालवलेल्या एका लेखकाचा खरमरीत लेख मात्र विभागाच्या सुरुवातीलाच, एक शब्दही न कापता, छापला आहे.