अर्धवट रॉकेटचे पूर्ण पैसे

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम २’ हा गेम विक्रीला आला आणि पहिल्याच दिवसापासून खेळणाऱ्यांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. उभे केलेले रॉकेट मधूनच वाकत होते. चांगला दणकट संगणकसुद्धा अडखळत होता. वातावरणात परतणारे यान तापत नव्हते, कारण तापण्याची सोय गेममध्ये घातलेलीच नव्हती. पुढे सव्वा वर्षात तो बनवणारा स्टुडिओ बंद झाला. तेव्हापासून एक मत मोठ्या ठामपणे मांडले जाते: खेळणाऱ्यांनीच हा गेम मारला. त्यांना धीर नव्हता, कृतज्ञता नव्हती. थोडे थांबले असते तर सगळे सुरळीत झाले असते. हा पूर्वपक्ष मला मुळातूनच चुकीचा वाटतो, आणि त्याचे खंडन करायला मी बसलो आहे.

लिहितो आहे मलकापुरातून. बुलढाण्याचे किंवा कराडजवळचे नव्हे, तर शाहूवाडी तालुक्यातले, आंबा घाटाच्या अलीकडचे मलकापूर. इथे अंतराळयानाचे गेम कोण खेळणार, असे कुणाला वाटेल, पण खेळणारे आहेत. कुणी मोबाईलवर ‘स्पेसफ्लाइट सिम्युलेटर’ खेळतो, कुणी इंजिनिअरिंगला कोल्हापूरला गेला की जुना लॅपटॉप घेऊन पहिला ‘कर्बल’ चालवतो. या मुलांचे मत पुण्या-मुंबईच्या किंवा सिएटलच्या खेळाडूच्या मताहून हलके नाही. उलट चार पैसे जपून वापरणाऱ्याचे मत अधिक गंभीरपणे घ्यायला हवे.

हे मत कशाच्या बळावर उभे आहे, ते आधी पाहू. पहिल्या ‘कर्बल’ने खेळणाऱ्याला जे शिकवले, ते शाळेच्या फळ्यावर शिकवायला फार अवघड आहे. गेममधला कर्बिन हा ग्रह पृथ्वीच्या मानाने चिमुकला, त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर. पण पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच. त्याच्याभोवती खालच्या कक्षेत फिरायला सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो, खऱ्या पृथ्वीभोवती पावणेआठच्या आसपास लागतो. आकडे सोपे केले आहेत, नियम मात्र तेच ठेवले आहेत. नवा खेळाडू रॉकेट सरळ वर सोडतो, ते उंच जाते आणि परत खाली पडते. मग त्याला कळते की कक्षेत जाण्यात उंचीपेक्षा आडव्या वेगाचे काम मोठे आहे. पुढे असलेल्या यानाला गाठायचे तर तो इंजिन पेटवून वेग वाढवतो आणि आणखी मागे पडतो, कारण वेग वाढला की कक्षा मोठी होते आणि फेरीला वेळ जास्त लागतो. गाठायचे असेल तर खालच्या कक्षेत उतरावे लागते. हे वाचून पाठ होते, पण पटते ते दहा याने वाया घालवल्यावरच.

२०२३ च्या पावसाळ्यात याचा पडताळा आला. चंद्रयान-३ १४ जुलैला निघाले, ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरले, २३ ऑगस्टला उतरले. अपोलो ११ मात्र १९६९ साली निघाल्यापासून चौथ्या दिवशीच चंद्राच्या कक्षेत होते. आपल्याला इतका वेळ का, असे घरोघरी विचारले जात होते. ‘कर्बल’ खेळणाऱ्या मुलाकडे उत्तर तयार होते. सॅटर्न ५ सारखे महाकाय रॉकेट हाताशी नसेल, तर पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूवर थोडे थोडे इंजिन चालवायचे. दर वेळी कक्षेचे दुसरे टोक लांब जाते आणि शेवटच्या धक्क्याने यान चंद्राकडे वळते. इस्रोचा मार्ग हाच होता. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी विज्ञान मराठी वाचकांपर्यंत नेण्यासाठी कथेचा आधार घेतला. त्यामुळे एखाद्या गेमने तेच काम केले, तर त्याला टाईमपास म्हणून झिडकारणे मला मान्य नाही.

असा खेळाडू जेव्हा म्हणतो की दुसऱ्या भागातले रॉकेट शेवग्याच्या शेंगेसारखे लवते, तेव्हा तो रुसलेला नसतो. जोड किती ताठ असावेत, वजन कुठे असावे, हे त्याने आधीच्या गेममध्ये वर्षानुवर्षे हाताळलेले असते. त्याचे मत हे जाणकाराचे मत असते.

आता कृतघ्नतेच्या आरोपाकडे येतो. पहिला ‘कर्बल’ बनवला मेक्सिको सिटीतल्या ‘स्क्वाड’ने. गेम बनवणे हा या कंपनीचा धंदाच नव्हता, ती जाहिरात-क्षेत्रातली. तिथे काम करणारा ब्राझीलचा फेलिपे फालांगे हा तरुण गेम बनवण्यासाठी नोकरी सोडायला निघाला, तेव्हा मालकांनी त्याला तो गेम इथेच बनव असे सांगितले. २४ जून २०११ ला पहिली आवृत्ती लोकांसमोर आली, ती फुकट. तिच्यात चंद्रसुद्धा नव्हता. तो नंतर आला. किंमत लावली तीही थोडी, आणि गेम वाढत गेला तशी ती वाढवत नेली. २७ एप्रिल २०१५ ला १.० आवृत्ती आली, म्हणजे चार वर्षे हा गेम अपुराच होता. बगही भरपूर होते. जुन्या आवृत्त्यांत हवेचा अडथळा इतका बेंगरूळ होता की खेळाडू त्याला सूप म्हणत. तरी याच खेळाडूंनी त्या गेमला डोक्यावर घेतले. त्यांनी स्वतः मॉड लिहिले, हवेचे गणित सुधारून दिले, गेममध्ये खरी सूर्यमाला उभी केली. २०१४ मध्ये नासाने लघुग्रह पकडण्याच्या मोहिमेसाठी स्क्वाडशी हातमिळवणी केली. हेच लोक २०२३ मध्ये एकाएकी कृतघ्न झाले, असे म्हणायचे असेल तर त्याचे कारण द्यावे लागेल. मला कारण दिसते ते एकच: दोन्ही वेळा अपुरेपण होते, पण दोन्ही वेळचा व्यवहार वेगळा होता.

स्क्वाडने एप्रिल २०१३ च्या अखेरपर्यंत गेम घेणाऱ्यांना शब्द दिला होता की पुढचे विस्तार तुम्हाला फुकट मिळतील. २०१७ मध्ये टेक-टू या बड्या अमेरिकी कंपनीने ‘कर्बल’ विकत घेतले. मार्च २०१८ मध्ये ‘मेकिंग हिस्टरी’ हा विस्तार आला, तेव्हा त्या जुन्या ग्राहकांना तो खरोखरच फुकट मिळाला. पाच वर्षांपूर्वीचा शब्द मालक बदलल्यावरही पाळला गेला. विश्वास तयार होतो तो असा. दुसऱ्या भागाने पहिल्या दिवशी खर्च केला तो हाच साठवलेला विश्वास.

कारण दुसऱ्या भागाची किंमत पहिल्याच दिवशी पन्नास डॉलर होती. डॉलरच्या तेव्हाच्या दराने चार हजार रुपयांच्या वर. वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांकडे प्रवास, मित्रांसोबत खेळणे या सगळ्या गोष्टी २०१९ च्या घोषणेपासून सांगितल्या जात होत्या, त्यातली एकही नव्हती. पहिल्या भागात असलेले विज्ञानाचे प्रयोग आणि करिअरही नव्हते. शिफारस केलेले ग्राफिक्स कार्ड ‘आरटीएक्स ३०८०’, ज्याची अमेरिकेतली मूळ किंमतच ६९९ डॉलर. शाहूवाडीतल्या मुलाने हे पाहून काय समजायचे? ज्या गेमने जुन्या लॅपटॉपवर कक्षा शिकवली, त्याचा पुढचा भाग त्याच्यासाठी बनवलाच नव्हता.

यावर उत्तर येते की ‘अर्ली ॲक्सेस’ असे स्पष्ट लिहिले होते, काम चालू असतानाच विक्री होती, मग तक्रार कसली? हा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत पोकळही आहे. आमच्या भागात शेतकरी साखर कारखाना उभा राहण्याआधी शेअरचे पैसे भरतो. तोही अपुऱ्या गोष्टीसाठीच पैसे देतो. पण त्या बदल्यात तो सभासद होतो, त्याला वार्षिक सभेत उभे राहून अध्यक्षांना जाब विचारता येतो, त्याला मत असते. अर्ली ॲक्सेसमध्ये जोखीम सभासदाची असते आणि हक्क मात्र कुठलाच नसतो. हिशेब मिळत नाही, सभा नाही, मतदान नाही. लोकांसमोर मांडलेले बरे-वाईट मत हेच त्याच्या हातात उरते. तेही मांडू नको, धीर धर, असे त्याला सांगणे म्हणजे पैसे घेऊन त्याचे तोंड बंद करणे होय. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हापासून महाराष्ट्राने एक गोष्ट मानलेली आहे, की पैसे देणाऱ्याने बोलणे हा उद्धटपणा नव्हे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल वस्तूंचाही समावेश केला आहे. गेम ही हवेतली गोष्ट आहे म्हणून तिचा ग्राहक वेगळा ठरत नाही.

हा प्रश्न एकट्या ‘कर्बल’चा नाही. ‘एलिट डेंजरस’ या गेममध्ये आपली सगळी आकाशगंगा उभी केली आहे, चारशे अब्ज तारे. कल्पनेने छाती दडपते. १९८४ च्या मूळ ‘एलिट’चा एक जनक डेव्हिड ब्रेबन याच्या ‘फ्रंटिअर’ कंपनीने २०१२ मध्ये लोकांकडून वर्गणी मागून तो सुरू केला. इंटरनेटशिवाय एकट्याने खेळता येईल, हे त्या काळात सांगितले गेले होते. डिसेंबर २०१४ मध्ये गेम यायचा होता. नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले की ऑफलाइन खेळण्याची सोय मिळणार नाही. त्यावर संतापलेल्या खेळाडूंना अनेकांनी किरकिरे ठरवले. अशांनी जुलैमध्ये आमच्याकडे यावे. घाटात पाऊस कोसळत असतो, वीज जाते, नेट जाते. ऑफलाइन सोय ही इथे चैन नसते, गेम खेळता येईल की नाही हेच तिच्यावर ठरते. ज्यांनी तेवढ्यासाठी पैसे भरले होते, त्यांचा राग रास्त होता आणि पैसे परत मागणेही रास्त होते.

आता पूर्वपक्षाचे सर्वांत बळकट प्रमाण: ‘नो मॅन्स स्काय’. ऑगस्ट २०१६ मध्ये हा गेम आला तेव्हा शॉन मरे आणि त्याच्या ‘हॅलो गेम्स’वर असाच गदारोळ झाला. सांगितलेले बरेच काही गेममध्ये नव्हते. पण ते लोक गप्प बसून काम करत राहिले, विस्तारामागून विस्तार फुकट देत गेले, जुलै २०१८ च्या ‘नेक्स्ट’ने तर चित्रच पालटले. मग ‘कर्बल २’ला तेवढा वेळ का दिला नाही?

इथे मूळ फरक नजरेआड केला जातो. हॅलो गेम्स हा लहान स्टुडिओ होता आणि स्वतःच्या मालकीचा होता. गेमच्या विक्रीतून आलेला पैसा आणि तो कशावर खर्च करायचा याचा निर्णय, दोन्ही गेम बनवणाऱ्यांच्याच हातात होते. त्यांनी तो निर्णय गेमच्या बाजूने घेतला, त्याचे श्रेय त्यांना पूर्ण द्यायला हवे. ‘कर्बल २’मध्ये मात्र बनवणारे वेगळे आणि ठरवणारे वेगळे होते. खेळणाऱ्यांनी हवा तेवढा धीर धरला असता, तरी स्टुडिओ चालू ठेवायचा की नाही हे टेक-टूच्या ताळेबंदावरच ठरणार होते. शिवाय धीर धरला नाही हेही खरे नाही. १९ डिसेंबर २०२३ ला ‘फॉर सायन्स’ हे अपडेट आले, प्रयोग आले, यान तापू लागले, आणि टीका करणाऱ्यांतल्याच अनेकांनी त्याचे मोकळेपणाने कौतुक केले. त्यानंतर सहा महिन्यांत टाळे लागले. खेळणाऱ्यांच्या मतांनी गेम मेला असता, तर तो मते सुधारत असताना मेला नसता.

पण खेळणाऱ्यांच्या बाजूने बोलतो म्हणून त्यांचे सगळेच मला मान्य आहे असे नाही. डेव्हलपर चोर आहेत, आळशी आहेत, त्यांना काही येत नाही, अशी जी भाषा झाली तिचेही खंडन करणे भाग आहे. ‘कर्बल २’ आधी ‘स्टार थिअरी’ हा स्टुडिओ बनवत होता. टेक-टूने डिसेंबर २०१९ मध्ये ते काम काढून घेतले आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांना लिंक्डइनवर निरोप पाठवले की आमच्या नव्या स्टुडिओत अर्ज करा. साधारण एक तृतीयांश लोक गेले. मार्च २०२० मध्ये स्टार थिअरी बंद झाली. कोड तोच, माणसे अर्धीमुर्धी, वर कोविड. अशा अवस्थेत ‘इंटरसेप्ट गेम्स’ या नव्या स्टुडिओने काम पुढे नेले. २०२४ मध्ये सिएटलच्या कार्यालयातल्या ७० जणांच्या नोकऱ्या जाणार असल्याची सूचना वॉशिंग्टन राज्याकडे नोंदवली गेली. रॉकेटचा जोड ताठ करणारा प्रोग्रॅमर त्या सत्तरांत असणार. त्याने किंमत ठरवली नव्हती, तारीख ठरवली नव्हती, जाहिरातीही केल्या नव्हत्या. त्याला शिव्या देणाऱ्याने आपला राग चुकीच्या पत्त्यावर पाठवला, आणि ज्यांनी तो वाचायला हवा होता ते त्यातून सुटले. गेमवर मत जरूर कठोर असावे. पण किंमत कुणाची, शब्द कुणाचा आणि काम कुणाचे, हे तिन्ही वेगळे करून पाहायचे कष्ट खेळाडूने घ्यायला हवेत. कक्षेचे गणित समजू शकणाऱ्याला हे नक्कीच जमेल.

दुसरे टोकही तितकेच हानिकारक आहे. ‘स्टार सिटिझन’ला २०१२ पासून चाहत्यांनी शेकडो दशलक्ष डॉलर दिले, गेम अजून पूर्णावस्थेत नाही, तरी काहींना त्याविरुद्ध एक शब्द खपत नाही. ही निष्ठा निर्मात्याच्याही हिताची नाही.

फालांगे आता न्यूझीलंडच्या डीन हॉल यांच्या ‘रॉकेटवर्क्स’बरोबर ‘किटन स्पेस एजन्सी’ या नव्या गेमवर काम करतो आहे. तो फुकट द्यायचा असे त्यांनी जाहीर केले आहे. बातमी आल्यापासून तोच आता ‘कर्बल’चा खरा वारस, अशी ग्वाही देणारे पुष्कळ भेटतात. मला फालांगेबद्दल आदर आहे, त्याच्या पहिल्या गेमने आमच्या भागातल्या मुलांना जे दिले त्याचे मोल मी वर सांगितलेच आहे. तरीही ही ग्वाही मी देणार नाही. ‘कर्बल २’ला जो नियम लावला तोच इथेही लावायचा: जुन्या लॅपटॉपवर गेम उघडावा, रॉकेट उभे करावे, कक्षेत नेऊन परत आणावे, आणि मगच बोलावे.