तुंबलेल्या मलवाहिन्या : दोषी झाड की जोड?

पुणे - आवारातील ड्रेनेजचे चेंबर दर दोन-चार महिन्यांनी तुंबू लागते. प्लंबर बांबूच्या पट्ट्या घालून जटेसारखा मुळांचा पुंजका बाहेर ओढतो. पुढच्या सभेत झाड तोडण्याचा विषय येतो. जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांमधील हा क्रम आता ओळखीचा झाला आहे. त्यात झाडावर आरोप ठेवला जातो, पाइपची तपासणी मात्र होत नाही.

पानशेतच्या १९६१ मधील पुरानंतर पुण्यात नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या काळात जमिनीखालील मलवाहिन्यांसाठी भाजलेल्या मातीचे, झिलई दिलेले स्टोनवेअर पाइप सर्रास वापरले जात. असा पाइप साधारण दोन फूट लांबीचा. म्हणजे शंभर फुटांच्या वाहिनीत सुमारे पन्नास जोड, आणि प्रत्येक जोड काथ्या व सिमेंटने बुजवलेला. जमीन थोडी खचली, वरून ट्रक गेला, की सिमेंटला तडा जातो. पाइप शाबूत राहतो, सांधा उघडतो.

मूळ आत शिरते ते येथून. झाडाची मुळे धडधाकट पाइप फोडून पाण्याचा शोध घेतात, हा समज चुकीचा आहे. गळक्या सांध्याभोवतीची माती ओलसर राहते आणि केसाएवढे बारीक मूळ त्या ओलाव्याकडे वाढते. आत पाणी, हवा आणि मैल्यातील नत्र-स्फुरद असे सारेच आयते मिळते. मुळांची जाळी तयार होते, तीत चिंध्या, केस, तेलकट गाळ अडकतो. मूळ जाड होऊ लागले की मग पाइपही चिरतो. उथळ टाकलेला पाइप मोठ्या खोडाच्या अगदी बुंध्याशी असेल, तर वाढत्या मुळाच्या दाबाने तो सरकू शकतो. पण बहुतेक ठिकाणी आधी गळती आणि मागून मूळ, हाच क्रम असतो.

झाड तोडल्याने गळती थांबत नाही. मैलापाणी जमिनीत झिरपतच राहते. शेजारी पाण्याची भूमिगत टाकी, कूपनलिका किंवा पिण्याच्या पाण्याची जुनी जलवाहिनी असेल, तर खरा धोका तेथे आहे. पाणीपुरवठा ठराविक तासच असतो. नळ बंद असताना रिकाम्या, गळक्या जलवाहिनीत बाहेरचे पाणी ओढले जाऊ शकते. मुळांचा पुंजका ही त्या गळतीची एका अर्थाने फुकट मिळालेली सूचनाच होय.

शिवाय महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्षतोडीला पूर्वपरवानगी लागते, आणि 'तोडणे' या शब्दाच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. त्यामुळे मुळांवर आम्ल ओतणे किंवा जेसीबीने ती उपटणे, हा मधला मार्ग ठरत नाही. मोरचूद टाकण्याचा जुना उपायही फसवा आहे. पाण्याला लागणारी मुळे तेवढी जळतात, सांधा उघडाच राहतो आणि तांब्याचा अंश मैलाशुद्धीकरण केंद्रातील उपयुक्त जिवाणूंना घातक ठरतो.

याहून गंभीर चूक म्हणजे चेंबरमध्ये माणूस उतरवणे. गटारे व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा नियम महापालिकेपुरता नाही, काम देणाऱ्या कोणालाही तो लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठीची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. 'तासाभराचे तर काम' म्हणून दिलेली हजार-पाचशेची मजुरी कशावर बेतू शकते, याचा विचार बहुतेक कार्यकारिणी करीत नाहीत.

खात्रीचा उपाय थोडा खर्चिक आहे, पण संपूर्ण वाहिनी उखडण्याइतका नाही. आधी जेटिंग यंत्राने वाहिनी साफ करून आत कॅमेरा फिरवावा. कोणते सांधे उघडले आहेत, ते त्यात दिसते. नुसती मुळे कापली तर ती पुन्हा फुटतात. झाडालगतचा टप्पा रबर रिंगच्या जोडाचे यूपीव्हीसी पाइप टाकून बदलावा. वीस फुटी पाइप घेतले, तर शंभर फुटांत पन्नासऐवजी पाचच तुकडे लागतात. खोदणे शक्य नसेल, तर जुन्या पाइपच्या आत अस्तर घालता येते. चर खणताना बुंध्याजवळची जाड मुळे तोडू नयेत, पाइप त्यांच्याखालून न्यावा. आधारमुळे तुटलेले झाड पावसाळ्यात गाड्यांवर कोसळते. नवी लागवड करताना वड, पिंपळ, उंबर यांना वाहिनीपासून दूरच ठेवलेले बरे.

घोडे अडते ते पैशापाशी. सामाईक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. परंतु वाहिनी तुंबली, की मैलापाणी उलटते ते तळमजल्यावरच्या न्हाणीघरात. तिसऱ्या मजल्यावरील सदस्याला त्याचा वासही येत नाही, आणि मते मात्र वरच्या मजल्यांची जास्त. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. कॅमेरा तपासणीचा खर्च तेथे मंजूर झाला, तर दिवाळीनंतर जमीन सुकताच काम हाती घेता येईल.