पास नको, तिकीट घ्या!

माळशिरस तालुक्यातला एखादा कलावंत पोरगा एस.टी. स्टँडवर भेटतो. "पुढच्या महिन्यात नाटकाचा प्रयोग आहे, एका सिनेमातही छोटी भूमिका केलीय," असे उत्साहाने सांगतो. आम्ही काय विचारतो? "पास आहे का?" ही आमची दानत!

याच तालुक्यातील अकलूजची रिंकू राजगुरू २०१६ साली 'सैराट'मधून आर्ची म्हणून घराघरांत पोचली. राष्ट्रीय पुरस्कारातही तिची विशेष दखल घेतली गेली. दिग्दर्शक नागराज मंजुळेही सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचेच. मग तिला पाहायला झुंबड उडाली! यशानंतर हार घालायला सगळेच धावतात. प्रश्न यशाआधीचा आहे.

१९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे कशाच्या बळावर उभे राहिले? समोर बसणाऱ्या गोरगरीब माणसांच्या. त्यांचे वारस म्हणवणारे आम्ही मात्र फुकट पास मागतो आणि तो मिळूनही जात नाही.

बांधवांनो, अशी बातमी कानी आली की तारीख लिहून ठेवा, तिकिटाचे पैसे मोजा, घरच्यांना सोबत न्या. प्रयोग फसला तर तोंडावर सांगा. पण आधी पाहा तरी! रिकाम्या खुर्च्यांपुढे कलावंत घडत नसतो.