वाण म्हणून आलेली पावडर

संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. नाशिकच्या गंगापूर रोडवरची सोसायटी असो की परदेशातल्या मंडळाने भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल, तिळगूळ, अत्तर, उखाणे आणि शेवटी वाण हा क्रम ठरलेला. त्या वाणात आता प्लास्टिकचा डबा किंवा स्टीलची वाटी यांच्या जोडीला आणखी एक वस्तू येऊ लागली आहे. चाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठीच्या पावडरीचे किंवा गोळ्यांचे छोटे पाकीट, त्यावर सवलतीचे कूपन, आणि पाच मिनिटे माइक घेऊन ‘मला तीन महिन्यांत किती फरक पडला’ हे सांगणारी आपल्याच ओळखीची कुणीतरी. माझे म्हणणे असे आहे की मंडळाने हे थांबवावे. विकणाऱ्याला जाहिरात करायची असेल तर त्याने मंडळाच्या अंकातले पान विकत घ्यावे, त्याला माझी हरकत नाही. पण मंचावरचे अनुभवकथन आणि वाणातला नमुना या दोन गोष्टी मंडळाच्या कार्यक्रमात नकोत. बायका भोळ्या असतात म्हणून मी हे म्हणत नाही. पन्नाशीतली मराठी बाई भाजीवाल्याला फसत नाही, ती पावडरीलाच का फसेल? माझे कारण निराळे आहे. पाळी जाण्याच्या काळातल्या तक्रारींबाबत ‘मला फरक पडला’ हा अनुभव कितीही खरा असला तरी पुरावा म्हणून जवळजवळ निकामी असतो, आणि मंडळाचा मंच नेमके त्यालाच वजन मिळवून देतो.

हे जरा उलगडून सांगायला हवे. भारतात पाळी कायमची बंद होण्याचे सरासरी वय 46-47च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते 51 धरतात. त्याच्या आधीची काही वर्षे शरीरातले इस्ट्रोजेन एका रेषेत उतरत नाही. ते वर जाते, खाली येते, एखाद्या महिन्यात तरुणपणीपेक्षाही जास्त असते. त्यामुळे अंगातून गरम वाफा येणे, रात्री घामाने भिजून जाग येणे, झोप उडणे, चिडचिड, सांधे धरणे या सगळ्याला चढ-उतार असतो. आता बाई औषध किंवा पावडर कधी घेते? त्रास सहन होईनासा झाला की. म्हणजे चढाच्या टोकावर. त्यानंतर काहीही घेतले, अगदी काहीही घेतले नाही, तरी पुढचे काही आठवडे बहुधा आधीपेक्षा बरे जाणार. शिवाय आपण काहीतरी करतो आहोत, कुणीतरी आपले ऐकले, याचाही परिणाम होतोच. हा परिणाम केवढा असतो ते मोजलेले आहे. गरम वाफांवरच्या हार्मोन उपचाराच्या 24 चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने 2004 साली एकत्रित आढावा घेतला. त्यात ज्या बायकांना नुसत्या बिनऔषधी गोळ्या दिल्या होत्या त्यांच्याही वाफा सुमारे 58 टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. खऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनी त्याहून पुष्कळ अधिक फरक पडला, ती गोष्ट वेगळी. पण 58 टक्के! पिठाची गोळी घेऊन ज्या बाईचा त्रास निम्म्याहून कमी झाला ती माइक हातात घेऊन शपथेवर सांगेल की मला गुण आला, आणि ती खोटे बोलत नसेल. ब्लॅक कोहोश ही या बाजारातली जगभर खपणारी वनस्पती. तिच्यावरच्या 16 चाचण्या कॉक्रेननेच 2012 साली तपासल्या आणि तिच्या बाजूने बोलावे इतका पुरावा मिळाला नाही. तिची स्तुती करणाऱ्या प्रामाणिक बायका मात्र हजारोंनी सापडतील.

म्हणूनच या मालाची विक्री अनुभवावर चालते. ‘हार्मोन्सचा तोल’, ‘चाळिशीनंतरची ऊर्जा’, ‘आतून तारुण्य’ असल्या शब्दांत दिलेले वचन पाळले गेले की नाही हे कशावर तपासायचे? ज्या काळात हार्मोन्स मुळातच हेलकावे खातात त्या काळात तोल म्हणजे नेमका कोणता आकडा? पंचेचाळिशीनंतर नेहमीची लक्षणे असतील तर निदानासाठी हार्मोनची रक्ततपासणी करू नका, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेचे 2015पासूनचे मार्गदर्शन आहे, कारण आजचा आकडा पुढच्या आठवड्यात बदललेला असतो. तरीही महिला दिन आला की ‘हार्मोन प्रोफाइल’ची पॅकेजेस सवलतीत निघतात. आकडा हलणारच, म्हणजे कुठला ना कुठला बिघाड सापडणारच, आणि त्यावर पावडर तयार असणारच.

यात कायदा कुठे आहे, असे कुणी विचारील. कायदा आहे आणि जुना आहे. औषधे व जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा 1954चा कायदा पाळीच्या विकारांवर इलाज असल्याची जाहिरात करायलाच मनाई करतो. त्याच्या परिशिष्टातल्या 54 रोगांत पाळीचे, गर्भाशयाचे आणि सरसकट ‘स्त्रियांचे’ विकार आहेत, लठ्ठपणाही आहे. पण हा कायदा रोगाचे नाव घेणाऱ्या जाहिरातीला पकडतो. तोल, ऊर्जा आणि तारुण्य ही रोगांची नावे नाहीत. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, असा नियम 170 केंद्राने 2018 साली आणला, जुलै 2024मध्ये वगळला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट 2025मध्ये प्रकरण निकाली काढताना ती उठवली. उरला तो माल, जो औषध म्हणून नाही तर आहारपूरक म्हणून विकला जातो. त्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना पुरतो आणि डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. अमेरिकेत 1994च्या कायद्याने हेच झाले : आहारपूरकाला बाजारात येण्याआधी गुण सिद्ध करावा लागत नाही, कोणताही रोग बरा करण्यासाठी हे नाही अशी बारीक अक्षरांतली ओळ डब्यावर असली की झाले. म्हणजे दोन्ही देशांत डबा छापील अक्षरांत सांगतो की मी औषध नाही, आणि ते औषध आहे हे सांगायचे काम माइक घेतलेल्या मैत्रिणीकडे येते. तिच्यावर कोणता नियम लावणार? कंपनीला जे बोलायला मनाई आहे ते मंडळाच्या मंचावर बिनबोभाट बोलले जाते.

बायका हे ऐकतात याचे कारण इतर कुणी त्यांचे ऐकत नाही. ‘वय झालं, चालायचंच’ हे घरात ऐकायचे आणि दवाखान्यातही तेच. एकेकाळी हार्मोन उपचार फार उत्साहाने दिले जात. मग 2002 साली अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या प्रचंड चाचणीचा एक भाग मध्येच थांबवला गेला. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला आणि जगभर डॉक्टरांनी हात आखडता घेतला. त्या चाचणीतल्या बायकांचे सरासरी वय 63 होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटलेले. पन्नाशीच्या आत-बाहेर असलेल्यांसाठी हिशेब वेगळा निघतो हे नंतरच्या विश्लेषणांतून पुढे आले, पण तोवर एक पिढी ‘सहन करा’ ऐकत मोठी झाली होती. ही मोकळी जागा बाजाराने व्यापली. आणि बाजार कुणाची दखल घेतो हेही बघण्यासारखे आहे. सुरगाणा-पेठच्या आदिवासी पाड्यांवरून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईलाही वाफा येतात, तिचेही गुडघे दुखतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांत ती असण्याची शक्यता अधिक. तिच्यासाठी कुणी ‘चाळिशीनंतरची ऊर्जा’ काढलेली नाही.

पहिला आक्षेप ठरलेला असतो : हे आपल्या आयुर्वेदावर घसरणे झाले. तसे नाही. नाशकात पंचवटीतल्या गणेशवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, शहराबाहेर आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, ज्याच्या छत्राखाली ॲलोपॅथी आणि आयुर्वेद दोन्ही शिकवले जातात. तिथे शिकलेला वैद्य नाडी पाहतो, पचन, झोप, प्रकृती विचारतो आणि मग एकीला शतावरी देतो, दुसरीला देत नाही. सोसायटीतल्या साठ जणींना एकच पाकीट वाटणे हे कोणत्या संहितेत बसते? वैद्याचा खरा अपमान इथे होतो. परदेशातल्या वाचकांनी तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॉस्टनच्या परिसरातल्या दक्षिण आशियाई किराणा दुकानांत मिळणारी 70 आयुर्वेदिक उत्पादने तपासली, त्यांतल्या 14मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हा अभ्यास 2004 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्याच गटाने 2008 साली इंटरनेटवरून मागवलेली उत्पादने तपासली, तेव्हाही प्रमाण पाचात एक असेच होते. तेव्हा नाशिकहून आईने बॅगेत घालून दिलेला डबा प्रेमाचा असतो हे कबूल, पण आतला माल कुठल्या प्रयोगशाळेने पाहिला हे विचारण्याने प्रेम उणे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नरम आहे : गुण नसेल येत, अपाय तर नाही ना? मनाला बरे वाटत असेल तर घेऊ द्या की. हा युक्तिवाद मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 साली केली. आयुष मंत्रालयाने ती नाकारली आणि वाद झाला. तो वाद बाजूला ठेवू. खरा अपाय उशिरात आहे. पाळी कायमची गेल्यावर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा रक्त दिसले तर ते ‘हार्मोन्सचे’ असे समजून पावडर वाढवणाऱ्या बायका असतात. असा रक्तस्राव होणाऱ्या दर शंभर बायकांमागे सुमारे नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, आणि लवकर कळला तर तो बरा होण्यासारखा असतो. थकवा हिमोग्लोबिनमुळे असू शकतो, केस गळणे आणि वजन थायरॉइडमुळे, रात्रीचा घाम साखरेच्या औषधामुळे. ‘हार्मोन्स बिघडलेत’ या एका पिशवीत सगळे घातले की यांतले काहीच तपासायची गरज उरत नाही. आठशे रुपयांच्या डब्यापेक्षा हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी सहसा स्वस्त पडते.

तिसरा आक्षेप मी हलका मानत नाही. डॉक्टर आणि औषध कंपन्या काय धुतल्या तांदळाच्या आहेत? नाहीत. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरने 1966 साली पुस्तक लिहून पाळी जाणे हा एक कमतरतेचा रोगच ठरवला आणि इस्ट्रोजेनने कायमचे स्त्रीत्व मिळेल असे सांगितले. त्याला औषध कंपन्यांचा पैसा होता हे पुढे उघड झाले. आपल्याकडे तर याहून वाईट घडले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची 2019 साली पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने तो विषय हाताळला. कर्करोगाची भीती घालून तिशी-पस्तिशीच्या बायकांची पिशवी काढणे हाही मध्यमवयाच्या भीतीचा व्यापारच, फक्त पावडरीऐवजी सुरी. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? विल्सनचा दावा चुकीचा आहे हे कळले कसे? 1975 साली नुसत्या इस्ट्रोजेनचा आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा संबंध दाखवणारे अभ्यास छापून आले, आणि 2002 साली 16,608 बायकांवरच्या चाचणीने उरलेल्या भाबड्या आशेलाही धक्का दिला. बीडचे कळले ते मोजणी झाली म्हणून. मोजता येणारा दावा खोटा ठरू शकतो, ठरतो, आणि ठरवणाऱ्याला तेवढा अधिकार राहतो. पावडरीच्या दाव्याला ती सोयच नाही. डॉक्टरांवर अविश्वास असेल तर तो दुप्पट कडक कसोटीकडे न्यायला हवा. तो कसोटीच नसलेल्या डब्याकडे का नेतो, हे मला कळलेले नाही.

शेवटचा आक्षेप कुणी मोठ्याने घेत नाही, पण तो खोलीत असतो : या विक्रीतून आपल्याच काही भगिनींना चार पैसे मिळतात. परदेशात डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, पदवी असून घरी बसलेल्या बाईला, किंवा मुले बाहेर गेल्यावर काहीतरी करू पाहणाऱ्या नाशिकच्या गृहिणीला, कमाईचा हा एक दरवाजा वाटतो. त्या उमेदीबद्दल मला आदर आहे. पण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2024 साली अशा साखळी विक्रीच्या 70 कंपन्यांची स्वतःच जाहीर केलेली उत्पन्नाची कागदपत्रे तपासली, तेव्हा बहुतेक सभासदांची वर्षाची कमाई हजार डॉलर किंवा त्याहून कमी दिसली, तीही बहुतेकदा स्वतःचा खर्च वजा न करता. भारतात 2021च्या थेट विक्रीच्या नियमांनी प्रवेश फी आणि पिरॅमिड पद्धत यांवर बंदी घातली, ते उगीच नाही. या धंद्यात वितरक बाईचे भांडवल म्हणजे तिच्या मैत्रिणी. त्या संपल्या की धंदा संपतो, आणि पुढच्या हळदीकुंकवाला दोघी एकमेकींकडे बघणे टाळतात.

मग मंडळाने करायचे काय? अंकातल्या जाहिरातीला हरकत नाही, फक्त तिच्यावर ‘जाहिरात’ असे ठळक छापावे आणि संपादकाने डब्यावरचा दावा एकदा वाचावा. आरोग्याच्या वस्तूंचे नमुने वाणात देऊ नयेत. मंचावर कुणी कोणत्याही उत्पादनाच्या गुणाचे बोलणार असेल तर तिला त्यातून कमिशन मिळते का, हे आधी सांगायला लावावे. भारताच्या 2022च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही जाहिरातदाराशी असलेला संबंध उघड करायची अट आहेच. त्या पाच मिनिटांत एखादी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा वैद्य, जिला काहीही विकायचे नाही, बोलली तर तिला विचारायला प्रश्न पुष्कळ निघतील. हार्मोनचा उपचार मला चालेल का, हाडांची तपासणी कधी करायची, पाळी गेल्यावर भारतीय मानकांनुसार लागणारे रोजचे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम नाचणी, तीळ आणि दुधातून कसे भरून काढायचे. प्रायोजकाचे पैसे जातील हे खरे. ते जेवणाच्या तिकिटात माणशी एखाद-दोन डॉलर वाढवून भागवावे लागतील, आणि कार्यकारिणीने ती वाढ मार्चच्या सभेत मांडावी.