घरचा हिशेब : निवृत्तीनंतरचे आजारपण आणि विम्याची निवड



घरातले कर्ते माणूस निवृत्त झाले की पहिल्या महिन्यात सत्कार होतात, दुसऱ्या महिन्यात फंडाचे पैसे जमा होतात, आणि तिसऱ्या महिन्यापासून विम्याची पॉलिसी विकणारे दारात येऊ लागतात. आमच्या नारायणगडाच्या पंचक्रोशीत एकादशीला गडावर दर्शनाला आलेल्या बायकाही आता एकमेकींना विचारतात, "तुमच्या सासऱ्यांचं कार्ड निघालं का?" विचारतात ते बरेच आहे. पण कार्ड वेगळे, पॉलिसी वेगळी आणि टॉप-अप वेगळा. या तिन्हींची गल्लत झाली की पैसे जातात आणि ऐन वेळी हातात काहीच राहात नाही. म्हणून आजचा हिशेब याच विषयाचा.

आधी घरातच काय आहे ते पाहा. निवृत्त माणूस सैन्यात होता का? मग माजी सैनिकांची ईसीएचएस योजना असते. केंद्र सरकारच्या नोकरीत होता का? मग सीजीएचएस. कारखान्यात राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जात होती का? किमान पाच वर्षे विमेदार राहून नियत वयाने निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी ती सवलत चालू ठेवता येते. हे कागद ट्रंकेच्या तळाशी पडून असतात आणि आपण बाहेर महागडी पॉलिसी शोधत बसतो.

यानंतर सरकारी कार्डे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे. शिधापत्रिका पांढरी असली तरी चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार, यादीतल्या रुग्णालयात. दुसरे कार्ड आयुष्मान वय वंदना. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. आधारवर ज्यांचे वय ७० पूर्ण आहे त्यांना उत्पन्न न विचारता वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळते आणि जुन्या आजारांसाठी थांबावे लागत नाही. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. सीजीएचएस किंवा ईसीएचएस असेल तर मात्र दोहोंपैकी एकच निवडावे लागते. नवरा-बायको दोघे सत्तरीपुढचे असले तर ५ लाख दोघांत मिळून, हेही लक्षात ठेवा.

मग पॉलिसी हवीच कशाला? याची कारणे दोन. एक, कार्ड चालते ते यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांना. दोन, दवाखान्यात भरती न होता होणारा खर्च, म्हणजे दर महिन्याच्या साखरेच्या नि रक्तदाबाच्या गोळ्या, कार्डात येत नाहीत. त्यातला गोळ्यांचा खर्च बहुतेक पॉलिसींतही येत नाही बरं का! तो घरखर्चातच धरा आणि जनऔषधी दुकानातून आणून कमी करा. म्हणून निर्णयाची पहिली पायरी ही की, आपण खरोखर ज्या रुग्णालयात जाऊ, मग ते बीडचे असो, अंबाजोगाईचे वा छत्रपती संभाजीनगरचे, ते यादीत आहे का, हे आजारपण येण्याआधी विचारून घ्या. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना विचारता येते.

आता पॉलिसीचे प्रकार पाहू. आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ साली आला. ती झाली मूळ पॉलिसी, पहिल्या रुपयापासून खर्च देणारी. उतारवयात तिचा हप्ता सर्वांत जड. दुसरा प्रकार टॉप-अप. यात ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपण सोसायचा, त्यावरचा कंपनीने. आपण सोसायच्या रकमेला वजावट म्हणू. तिसरा प्रकार सुपर टॉप-अप. नावात एकाच शब्दाचा फरक, पण हिशेबात फार मोठा.

समजा वजावट ३ लाखांची आहे. वर्षात दोनदा भरती व्हावे लागले. एकदा बिल अडीच लाख, दुसऱ्यांदा २ लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे मोजतो. दोन्ही बिले तीन लाखांच्या आतली, म्हणून तो एक पैसा देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो : साडेचार लाख. त्यातून ३ लाख वजा करून दीड लाख देतो. म्हाताऱ्या माणसाला एकदा भरती झाल्यावर पुन्हा जावे लागण्याचा संभव अधिक. तेव्हा दोन्हींतून निवडायचे तर सुपर टॉप-अपच घ्यावा, असे मला वाटते.

चौथा प्रकार दिवसाला ठरावीक रोख देणारा. बिल कितीही होवो, भरतीच्या प्रत्येक दिवसाचे ठरलेले पैसे. जाण्यायेण्याला, सोबतच्या माणसाच्या जेवणाला ते उपयोगी पडतात. पण मोठ्या शस्त्रक्रियेला पुरे पडत नाहीत. वरण-भाताशेजारचे लोणचे समजा. लोणच्यावर जेवण होत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी आहेत, वय ६७. साखर आहे. काकू ६२ वर्षांच्या, गुडघे सोडले तर धडधाकट. दोघांची मिळून एक मोठी पॉलिसी घ्यावी असे मुलाचे म्हणणे. काकूंचा जीव नातीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत अडकलेला. "बाई, हे कागद तुम्हीच बघा. त्या पोरीच्या पैशाला हात लागला तर मला अन्न गोड लागायचं नाही," असे त्या म्हणाल्या. आम्ही वही घेऊन बसलो. दोघांची एकत्र पॉलिसी घेतली की हप्ता वयाने मोठ्या माणसावर ठरतो. म्हणजे काकूंच्या वाट्यालाही गुरुजींच्या वयाचा भार. शिवाय तीन वर्षांनी गुरुजींना वय वंदना कार्ड मिळेल, काकूंना मिळायला आठ वर्षे आहेत. सगळे घर गुरुजींच्या आजाराकडे पाहात होते, आणि जास्त वर्षे उघड्यावर राहणार होत्या त्या काकू!

शेवटी ठरले ते असे. फुले योजनेचा आधार दोघांना आहेच. दोघांसाठी वेगवेगळे सुपर टॉप-अप, काकूंचा आधी, कारण त्या आज निरोगी आहेत. वजावटीपुरते ३ लाख बँकेत वेगळ्या मुदत ठेवीत, आणि नातीचे पैसे निराळ्या खात्यात. एक प्रश्न मात्र कंपनीला लेखी विचारायला सांगितला : सरकारी योजनेतून झालेला खर्च वजावटीत धरणार का? "हो हो, धरतात" हे तोंडी उत्तर बिलाच्या खिडकीवर चालत नाही.

पॉलिसीच्या कागदात तीन जागी बोट ठेवून वाचा. पहिली, सहभागाची अट. वीस टक्के लिहिले असेल तर २ लाखांच्या बिलात ४० हजार तुमचे. दुसरी, खोलीच्या भाड्याची मर्यादा. मर्यादा दिवसाला ३ हजार आणि तुम्ही घेतली ६ हजारांची खोली, तर नुसते भाडे नव्हे, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचे शुल्क असे खर्चही निम्मेच मिळू शकतात. तिसरी, थांबण्याचा काळ. आधीपासूनच्या आजारासाठी हा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा ठेवता येतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांनाही बहुधा असा काळ असतो. म्हणून "दुखायला लागले की बघू" हे विम्यात चालत नाही.

आणि आजार लपवू नका. फॉर्म भरणारा म्हणेल, "साखर लिहू नका, हप्ता वाढेल." लिहाच. हप्ता वाढला तर झेपेल. भरतीच्या दिवशी दावा नाकारला गेला तर झेपायचे नाही. सलग पाच वर्षे पॉलिसी चालल्यावर माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला दावा अडवता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच अडवता येतो. पण ती पाच वर्षे काढायची कशाच्या भरवशावर?

काही नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, तेही वहीत टिपून ठेवा. २०२४ पासून ६५ वर्षांपुढच्यांनाही नवी पॉलिसी मिळण्याची वाट मोकळी झाली आहे. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीने आधी विमा नियामकाशी बोलावे, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे; कुणी तो हप्त्यात मिळवून सांगत असेल तर हिशेब पुन्हा मागा. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत वाचून, पटली नाही तर परत करता येते. जुनी पॉलिसी पसंत नसेल तर ती मध्येच सोडू नका. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करून दुसऱ्या कंपनीत नेता येते, आणि थांबण्याचा सरलेला काळ फुकट जात नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे दाद मागता येते, तीही फी न भरता.

या रविवारी दुपारची भांडी आवरली की एवढे करा. आधार कार्ड, शिधापत्रिका, पेन्शनचे कागद आणि असतील त्या पॉलिसी एका पिशवीत घाला. पहिल्या पानावर प्रत्येकाचे वय, आजार आणि कोणते कार्ड आहे ते लिहा. पिशवी कुठे ठेवली ते घरातल्या सगळ्यांना, थोरल्या नातवंडांनासुद्धा सांगून ठेवा. रात्री-अपरात्री दवाखान्यात धावायची वेळ आली तर कागद शोधायला थांबावे लागू नये. आणि हो, पिशवी भरताना सासूबाईंचे नावही स्वतंत्र ओळीवर लिहा. सासऱ्यांच्या नावाखाली ते बरेचदा झाकले जाते.