जुन्या चपलांचे काय करावे? माझे मत
(इयत्ता चौथी)



गेल्या महिन्यात बाई म्हणाल्या, "घरात जुन्या चपला, बूट पडले असतील ते घेऊन या. परसबागेला कामी येतील." आपल्या परसबागेतली मेथी, टोमॅटो आणि शेवग्याच्या शेंगा दुपारच्या जेवणात असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात एवढा ढीग झाला की स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "काय गं, आज हितंच बाजार भरला का?" आम्ही मोजल्या तर एकोणतीस भरल्या. एकीचा जोड कुठे गेला कुणास ठाऊक.

मला ही कल्पना फार आवडली. कारण आपल्या गावात चप्पल तुटली की ती ओढ्यात जाते. पूर ओसरला की बाभळीच्या काट्यांना चपला लटकलेल्या दिसतात. रबर आणि प्लॅस्टिक काही कुजत नाही. कोणी शेकोटीत टाकतात, मग काळा धूर होतो आणि डोळे चुरचुरतात. तो धूर छातीत जाणे वाईट असते. त्यापेक्षा बाग बरी.

आता काय काय केले ते सांगते. स्लिपरचे पट्टे सर्वांत उपयोगी. टोमॅटोचे झाड काठीला सुतळीने बांधले की वाऱ्याने हलून सुतळी देठाला कापते. रबराचा पट्टा मऊ असतो. तो मराठी चाराच्या (४) आकड्यासारखा पीळ देऊन बांधायचा, म्हणजे काठी एका बाजूला आणि झाड दुसऱ्या बाजूला राहते. झाड जाड झाले तरी गळफास बसत नाही. फाटकाची बिजागरी गंजून तुटली होती. अण्णांनी टायरच्या चपलेचा तुकडा कापला आणि चार चुका मारून तिथे बसवला. आता फाटक कुरकुरत सुद्धा नाही. पाण्याच्या पाइपाचा जोड गळत होता, त्याला स्लिपरच्या तळव्याचा वायसर केला. उरलेले जाड तळवे आम्ही खुरपताना गुडघ्याखाली घेतो. मुलांनी मात्र दोन तळव्यांची चाके कापून गाडी केली. ती बागेची वस्तू नाही, पण पळते छान.

गमबूट आणि बुटांत माती भरून फुलझाडे लावता येतात. तळाला चार-पाच भोके पाडायची, खाली खडे घालायचे, वर माती आणि शेणखत. भोके तापलेल्या खिळ्याने पडतात. ते मोठ्या माणसानेच करावे, कारण माझ्या बोटाला चटका बसला होता. भोक नसेल तर पाणी साचते, मुळे कुजतात आणि डास होतात. आशाताई सांगून गेल्या आहेत की साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे डास होऊन उडतात. म्हणून चप्पल बागेत नुसती उलथी-पालथी टाकून ठेवू नये. काळे रबर उन्हात तापते, तेव्हा बूट सावलीला ठेवावेत. बुटात भाजी मात्र लावू नये असे माझे मत आहे. बुटाला रंग आणि गोंद असतो. तिथे चिनी गुलाब शोभतो.

माझ्या आजीला हे काहीच पसंत नाही. ती म्हणाली, "पायातली वस्तू तुळशीजवळ नको गं बाई." मी म्हटले, "आजी, तुळशीजवळ नाही ठेवत. पण तू दुधीच्या मांडवाला चप्पल का टांगलीस?" तर म्हणते, "ती दृष्ट लागू नये म्हणून!" म्हणजे टांगलेली चालते आणि माती भरलेली चालत नाही. दुधी वाकडा होऊन सडतो तो फळमाशी त्यात अंडी घालते म्हणून, असे बाईंनी फोडून दाखवले होते. आत अळ्या वळवळत होत्या. मी आजीला तसे सांगितले. ती म्हणाली, "असतील अळ्या. चप्पल राहू दे." ती अजून तिथेच आहे.

आता मला खरे लिहायचे आहे ते लिहिते.

२०२३ साली जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना सरकारने बूट आणि मोजे द्यायचे ठरवले. मी तेव्हा दुसरीत होते. माझे पाय लवकर वाढले, म्हणून ते बूट फार घातले गेले नाहीत. पेटीत तसेच होते. मी तेच बागेसाठी काढले. आदल्या दिवशी चुलीवर खिळा तापवून अण्णांकडून भोके पाडून घेतली. दोन्ही बुटांना पाच-पाच. मला वाटले, सगळ्यांत सुंदर कुंडी माझीच होणार. आणि झालीही.

आपल्या वर्गात दिवाळीनंतर एक मुलगा आला आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही, नाहीतर तो माझ्याशी बोलणार नाही. त्याचे आई-वडील ऊसतोडीला आले आहेत. त्याचा धाकटा भाऊ पहिलीत बसतो. दोघे बूटवाटप झाल्यावर आले. शाळा सुटली की धाकटा आईमागे फडात जातो. तुटलेल्या उसाची बुडखी फार टोकदार असतात. त्याच्या टाचेला चिंधी बांधलेली मी पाहिली आहे.

त्या दिवशी त्या मुलाने माझा बूट उचलला. आत हात घातला, उलटा केला आणि म्हणाला, "भोकं पाडली होय?" मी म्हटले, "हो, पाणी जायला." तो म्हणाला, "चिंधी कोंबून आमच्या बारक्याला आले असते." एवढेच म्हणाला आणि मला माती भरायला मदत केली. मला रागावला असता तर बरे वाटले असते. मी घरी अण्णांना विचारले, "भोके बुजवता येतात का?" अण्णा म्हणाले, "तळव्याची भोकं बुजत नाहीत गं. पाणी शिरणार, काटा शिरणार."

म्हणून माझे मत असे की, घालता येण्यासारखी चप्पल किंवा बूट बागेत आणूच नये. बाग सुंदर दिसते हे खरे, पाहुणेही वाहवा करतात, पण झाडाला साधा फुटका डबासुद्धा चालतो. झाडाला काही बूट लागत नाहीत. आधी घरात धाकट्याला होतात का पाहावे. मग शेजारी विचारावे. नुसता पट्टा किंवा टाका गेला असेल तर बाजारात चपला शिवणारे काका बसतात, ते लगेच टाका घालून देतात. ते म्हणतात की लोक आता शिवायला आणतच नाहीत. अगदीच तळ झिजला, तुकडा पडला, तर मग खुशाल कापा आणि टोमॅटो बांधा.

आमच्या वर्गातली काही मुले म्हणतात, "दुसऱ्याचं जुनं घालायला लाज वाटते." मला तसे वाटत नाही. माझा फ्रॉक मामेबहिणीचा आहे आणि तो मला आवडतो. पण लाज वाटते त्याची चेष्टा करू नये. म्हणून मी बाईंना विचारले आणि बाईंनी आपल्या टेबलाखाली एक खोके ठेवले आहे. ज्याला द्यायचे त्याने खोक्यात टाकावे. ज्याला पाहिजे त्याने शाळा सुटल्यावर न्यावे. नावे लिहायची नाहीत, टाळ्या वाजवायच्या नाहीत.

माझ्या दोन्ही बुटांत चिनी गुलाब लागला आहे. सकाळी दहाला फुले उमलतात. मी पाणी घालते, पण आता त्याच्याजवळ फार वेळ उभी राहत नाही.

खोक्यात आजपर्यंत दोन जोड आले आहेत. एक लाल सँडल आहे, त्याचा बंद अण्णा बाजारच्या दिवशी शिवून आणणार आहेत. दुसरा मोठ्या माणसाचा आहे. पहिलीतल्या मुलाच्या मापाचा अजून एकही नाही. मी दोऱ्याने माप घेतले आहे, ते बाईंकडे आहे. कारखान्याचा पट्टा पडायला अजून दीड महिना आहे असे अण्णा म्हणाले. पट्टा पडला की ते लोक आपल्या गावी परत जातील.